निकाली निघालेली तक्रार

धम्मानंद वाहाने वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि त्यात तुमचं काही चुकणारही नाही. त्यानं स्वतःच स्वतःला इतक्या घातल्या की दुसऱ्याला जागा ठेवली नाही.

राहायला नंदनवनात. बायको मेघा बालवाडीत शिकवते. आई सिंधूताई रविवार आला की सगळ्यांना विहारात घेऊन जाते, आणि कोणी कुरकुर केली तर नुसतं बघते. तेवढं पुरतं. धम्मानंद त्याच विहाराच्या अभ्यासिकेत वाढला. घरी दिवा होता पण जागा नव्हती, म्हणून संध्याकाळी दप्तर घेऊन तिकडे. पुढे विद्यापीठात कंत्राटी ऑपरेटर म्हणून चिकटला, मग कायम झाला. बावीस वर्षं झाली.

त्याचं काम काय, ते घरच्यांनाही नीट सांगता येत नसे. विद्यापीठाचं मुख्य आवार नागपुरात आणि बाहेरगावी आणखी चार, त्यातलं एक भिवापूरला. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक विषयाचा मास्तर कुठून आणणार? पुस्तकं तरी किती घेणार? म्हणून सगळ्यांचं एकच पोर्टल केलेलं. नागपुरात गुंजन मॅडम संख्याशास्त्र शिकवणार आणि भिवापूरची पोरं लॅबमध्ये बसून ते बघणार. पुस्तकं तिथंच, चाचण्या तिथंच, आणि गृहपाठही तिथंच चढवायचा. हा पाच आवारांचा संसार नागपुरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीतून चाले. तिला सगळे सेंटर म्हणत. तिथला एसी आधी यंत्रांना गार करी, मग लहर आली तर माणसांना.

कोणाचं काही अडलं की पोर्टलवर तक्रार टाकायची. ती धम्मानंदच्या पडद्यावर येई. चारही गावचे लॅबवाले त्याला आवाजानं ओळखत. "आधी वायर लागली आहे का पाहा, मग माझ्यावर चिडा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माणूस कामाचा पक्का होता. सुटीच्या दिवशी फोन आला तरी उचलायचा.

आता त्या रिवाजाबद्दल सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

सेंटरचे संचालक मधुसूदन पांढरीपांडे. भला गृहस्थ. आवाज न चढवता समोरच्याला घाम फोडायची विद्या मात्र त्यांच्याकडे होती. दर महिन्याच्या एक तारखेला ते कुलगुरूंसमोर अहवाल ठेवत, आणि त्यातला एकच रकाना वाचला जाई, तो प्रलंबित तक्रारींचा. सहा वर्षांपूर्वी एकदा त्या रकान्यात एकोणीस आले. सरांनी धम्मानंदला बोलावून फक्त एवढंच विचारलं, "वाहाने, तुम्हाला मदतनीस द्यायचा का, की तुमची बदली करायची?" मदतनीस मिळणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तेव्हापासून रिवाज पडला. महिनाअखेर, दुपारी चार वाजता, राहिलेल्या सगळ्या तक्रारी बटण दाबून निकाली काढायच्या. त्याआधी त्या एका वहीत उतरवून घ्यायच्या, आणि पुढच्या आठवड्यात एकेक करून खरोखर सोडवायच्या. आधी निकाल, मग काम. सरांना हे माहीत होतं. ते कधी बोलले नाहीत. बटण दाबलं की तक्रार करणाऱ्याच्या मोबाइलवर आपोआप संदेश जाई, की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, आणि खाली नाव, डी. वाहाने. सहा वर्षांत वहीतली एकही तक्रार राहिली नाही, याचा धम्मानंदला अभिमान होता. खोटेपणाही आपण किती प्रामाणिकपणे करतो, असं त्याला वाटे. घ्या!

यंदा जानेवारीत पाचही आवारांच्या विद्यार्थ्यांच्या याद्या एकत्र करायचं काम निघालं. प्रत्येक आवारानं एक मुख्य यादी पाठवली आणि उशिरा प्रवेश घेतलेल्यांची एक पुरवणी. काम डोक्याचा भुगा करणारं होतं. गोंधळ झालेच, आणि तक्रारींचा पाऊस पडला. एकतीस तारखेला चार वाजता सेहेचाळीस उरल्या होत्या.

त्यातली एक भिवापूरची. बी.एस्सी. शेवटचं वर्ष, भूमिका रुपराव ठवरे. लिहिलं होतं, "माझे पान उघडते पण त्यावर एकही विषय दिसत नाही. सर्व कोरे आहे. कृपया बघावे."

धम्मानंदनं ती वाचली. वाचली नसती तर गोष्ट वेगळी होती. वाचली आणि मनात म्हणाला, भिवापूर. भलतंच बटण दाबत असेल पोरगी, जाईल दोन दिवसांत वळण पडून. आणि ती वहीत न उतरवताच त्यानं तिला निकाली काढलं. चार सेकंदांचं काम. लगेच चहा आला, तो प्यायला आणि विसरला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, बाराच्या सुमारास, सेंटरच्या दारात एक बाप-लेक उभे राहिले. बापाच्या खांद्याला पांढरा दुपट्टा, हातात कापडी पिशवी. मुलगी त्याच्या मागे, छातीशी फाइल धरून.

"वाहाने साहेब कोन आहे जी?"

"मीच. बसा ना."

"मी रुपराव ठवरे, भिवापूरचा. हे माही पोरगी. तुम्ही हिची तक्रार सोडवली होती, मोबाइलवर तुमचं नाव आलं होतं. म्हटलं, तुमालेच भेटावं." पिशवी त्यानं टेबलावर ठेवली. आत घरची लाल मिरची होती. "थोडीशीच आहे. तुम्ही पोरीसाठी केलं, म्हणून आनली. आता पुढचं असं झालं, का परीक्षेच्या यादीत हिचं नावच नाही. एकही गृहपाठ आला नाही म्हनते. हिले सांगून सांगून थकलो, का साहेबानं दुरुस्त केलं आहे, तुहंच काही चुकून राहिलं असन. तुम्ही तिले एकदा शिकवून द्या. आमाले तं त्यातलं काही समजत नाही."

भूमिकानं फाइलीतून एक वही काढली आणि उघडून समोर धरली. तारखा होत्या. एक फेब्रुवारी, लॅब, साडेदहा, पान कोरे. दोन फेब्रुवारी, पान कोरे. तीन फेब्रुवारी, दुसऱ्या मशीनवर, पान कोरे. मधले रविवार सोडले तर अठ्ठावीस तारखेपर्यंत एकही दिवस सुटला नव्हता.

"पुन्हा तक्रार काहून नाही टाकली?" धम्मानंदनं विचारलं.

"तुम्ही तर सोडवली होती ना सर," ती म्हणाली. "मले वाटलं, मलेच येत नाही. शोभाताईपण म्हणे, निकाली निघाली म्हणते वं, तूच नीट पाह्य." शोभाताई म्हणजे भिवापूरच्या लॅबची मदतनीस. "मग मी मैत्रिणीच्या मोबाइलवर गुंजन मॅडमचं शिकवणं ऐकलं. गृहपाठ त्याईचेच असतात, लिहून ठेवले, सहाही. चढवता नाही आले."

धम्मानंदनं तिचं नाव शोधलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. भिवापूरच्या पुरवणी यादीत एकच नाव होतं, भूमिका रुपराव ठवरे, आणि ती यादी त्यानं चढवलीच नव्हती. चार आवारांच्या चढवल्या, पाचवी राहिली. पोरीनं एकही भलतं बटण दाबलं नव्हतं. तिनं सगळं बरोबर केलं होतं, रोज, महिनाभर.

त्याला पडद्यावरून मान वर करायची हिंमत होईना.

"सापडलं का जी?" रुपराव पुढे वाकला.

"हो. सिस्टीमचा थोडा प्रॉब्लेम होता."

भूमिका पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे बघून बोलली. "म्हणजे माहं चुकत नव्हतं?"

बास. हाच तो क्षण. हो म्हणायचं होतं फक्त. बाप समोर बसला होता, पिशवीतल्या मिरचीचा वास येत होता, पलीकडच्या टेबलावर दोघं जण कान टवकारून होते. आणि बावीस वर्षांची नोकरी केलेला, पाच आवारांना आवाजानं माहीत असलेला हा माणूस म्हणाला, "दोन्हीकडून थोडंथोडं झालं. थोडं तुमच्याकडूनही."

रुपरावनं पोरीकडे पाहिलं. म्हणालो होतो ना, असं ते बघणं होतं. भूमिकानं वही मिटली.

"मी परीक्षा विभागाला लिहितो. होऊन जाईल," धम्मानंद म्हणाला. रुपरावनं त्याला दोन्ही हात जोडले. ते हात धम्मानंदला जन्मभर पुरतील.

संध्याकाळी मेघानं पिशवीतल्या मिरच्या भाजून ठेचा केला. "भिवापुरी आहे म्हणून तर रंग पाहा," म्हणाली. त्यानं ताट सारलं. "काहून जी, तब्येत बरी नाही का?" तर म्हणे, ॲसिडिटी. त्या दिवशी खोटं बोलायची सवयच लागली होती त्याला.

दुसऱ्या दिवशी तो पांढरीपांडे सरांकडे गेला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मुलीचं नुकसान नको. तांत्रिक अडचण होती असं मोघम लिहून द्या. तक्रारी निकाली काढल्याच्या तारखांना मात्र हात लावू नका." त्यानं तसं लिहून दिलं. शनिवारी परीक्षा विभागातल्या अमोलचा फोन आला. "वाहाने भाऊ, तुमच्या पत्रानं काम नाही होऊन राहिलं. परीक्षा समितीवाले म्हणतात, तक्रार चार दिवसांत निकाली निघाली असं सेंटरच्याच नोंदीत आहे. मग पोरगी फेब्रुवारीभर काय करत होती? मंगळवारी नामंजूर करतील. वर्ष जाते तिचं."

म्हणजे त्याचीच नोंद त्या पोरीविरुद्ध साक्ष देत होती. तिच्या हातात महिनाभराच्या तारखांची वही होती, पण ती शाळेच्या वहीत पेनानं लिहिलेली. धम्मानंदचं खोटं छापील होतं, त्यावर वेळ होती, सेकंद होते.

रविवारी विहारात तो आईशेजारी मांडी घालून बसला. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं त्यानं सगळ्यांबरोबर म्हटलं. चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. सहा वर्षं दर रविवारी त्यानं ते खणखणीत म्हटलं होतं, महिनाअखेर रविवारी आली तरीही. आज ते त्यानं म्हटलंच नाही. सिंधूताईंनी बाजूला पाहिलं, आणि पुन्हा डोळे मिटले.

त्याला स्वतःची एक जुनी गोष्ट आठवली. कॉलेजात असताना त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज ऑफिसात हरवला होता. खिडकीतला बाबू म्हणाला होता, तूच भरला नसशील. त्यानं भरला होता, पण चार दिवसांनी त्यालाही वाटायला लागलं की खरंच भरला होता का? त्या बाबूचा चेहरा आता आठवत नव्हता. पण त्या खिडकीच्या आत आज कोण बसलंय, हे त्याला चांगलंच कळलं, आणि स्वतःची शिसारी आली.

घरी येऊन त्यानं मेघाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी जाईल का?"

"जाणार नाही. पण अब्रू जाईल."

"ती पोरीची तर तुम्ही कालपरवाच घालवली जी," मेघा म्हणाली आणि उठून आत गेली.

सोमवारी त्यानं दुसरं पत्र लिहिलं. पुरवणी यादी चढवायची माझ्याकडून राहिली. तक्रार न सोडवता मी ती निकाली काढली. विद्यार्थिनीची कोणतीही चूक नाही. अशा तक्रारी दर महिनाअखेरीस मी निकाली दाखवत आलो आहे. खाली सही.

पांढरीपांडे सरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. "एक तारीख खोटी म्हटली की सहा वर्षांच्या सगळ्या खोट्या ठरतात, कळतं ना?"

"कळतं सर."

"हे मला माहीत होतं, असं लिहिलं नाहीत तुम्ही."

"बटण मी दाबत होतो."

सरांनी पत्रावर 'पुढे पाठवावे' असं लिहून त्याच्या हातात दिलं. धम्मानंदला त्यांचीही कीव आली.

मंगळवारी समितीनं भूमिकाला मुदत दिली. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सहाही गृहपाठ चढवले तर परीक्षेला बसता येईल. धम्मानंदला कारणे दाखवा नोटीस मिळाली, ती त्यानं खिशात घातली. आपल्या हातून निदान एक गोष्ट तरी निस्तरली, असं त्याला वाटलं. पुरवणी यादी चढवली, तिचं पान स्वतः तपासलं. विषय दिसत होते.

बुधवार गेला. गुरुवार दुपारपर्यंत एकही गृहपाठ आला नाही. त्यानं भिवापूरला फोन लावला.

"ती येतच नाही जी आता," शोभाताई म्हणाल्या. "दोनदा निरोप धाडला, समितीचं मुदतीचं पत्र दाखवलं. म्हणते, मले नाही जमत थे. पोर्टल-बिर्टल माह्या नशिबात नाही."

थोडं तुमच्याकडूनही. तीन शब्दही नाहीत, दोन. पत्रानं नोंद दुरुस्त झाली होती, पण हे दोन शब्द कोणत्याच नोंदीत नव्हते. ते फक्त त्या पोरीच्या डोक्यात होते, आणि तिथून ते काढायला कोणतंही बटण नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पहिली एसटी धरून तो भिवापूरला उतरला. विचारत विचारत ठवऱ्यांचं घर गाठलं. अंगणभर मिरची वाळत घातलेली. भूमिका तोंडाला ओढणी बांधून देठ खुडत होती. त्याला पाहून ती उठली नाही. रुपराव मात्र लगबगीनं बाज झटकू लागला. "साहेब, तुम्ही? बसा बसा. वं भूमे, पानी आन."

"पाणी नंतर," धम्मानंद म्हणाला. तो बसला नाही. "दादा, मी तुमच्याशी खोटं बोललो. हिची काहीच चूक नव्हती. एका दिवसाचीही नाही. हिचं नाव मी चढवलं नाही, आणि हिची तक्रार मी वाचून तशीच बंद केली. सोडवली नव्हती. त्या दिवशी समोर दिसत होतं मला. तरी हिच्यावर ढकललं."

रुपराव हातात दुपट्टा घेऊन तसाच उभा राहिला.

भूमिकानं ओढणी खाली केली. "त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली. माझी चूक आहे म्हणायची लाज वाटली."

"मी विचारलं होतं तुमाले. सरळ विचारलं होतं."

"हो."

"मी हिले एसटीत लय बोललो जी," रुपराव म्हणाला. "सगळ्या लोकायसमोर. म्हटलं, साहेबावर आळ घेते. म्हटलं, तुह्यापाई मले नागपुरात मान खाली घालावी लागली. रडत होती थे, उमरेडपर्यंत. तरी बोललो." तो पोरीकडे बघेना, आणि धम्मानंदकडेही बघेना. "कालच्या दिवसापर्यंत बोलून राहिलो होतो."

धम्मानंदला वाटलं होतं, हा माणूस आपल्याला चार शिव्या देईल आणि हिशेब फिटेल. रुपरावनं एकही दिली नाही. तो बाजेवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शिव्या परवडल्या असत्या.

भूमिका घरात गेली. बाहेर आली तेव्हा हातात फाइल होती. "लॅब किती वाजेपर्यंत असते आज?" तिनं विचारलं. धम्मानंदला नाही, बापाला.

"चाल, मी येतो संग," रुपराव उठत म्हणाला.

लॅबमध्ये शोभाताईंनी मशीन सुरू करून दिलं. धम्मानंद पुढे झाला, तर भूमिका म्हणाली, "तुम्ही नका लावू हात सर. मी करते." तो मागे सरकला. तिचं पान उघडलं, त्यावर सगळे विषय होते. ती क्षणभर बघत बसली, पण चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काही आलं नाही. एकेका पानाचा फोटो काढून तिनं पहिला गृहपाठ चढवला. हात सराईत होता. महिनाभर कोऱ्या पानासमोर बसून तिला सगळी बटणं पाठ झाली होती. पडद्यावर आलं, आपला गृहपाठ यशस्वीरीत्या जमा झाला आहे.

"झालं," धम्मानंद म्हणाला. "पोचला."

"असं हे म्हणते," भूमिका म्हणाली. "गुंजन मॅडमले फोन लावा. त्याईले दिसला का विचारा. मग मी दुसरा चढवीन."

त्यानं फोन लावला. मॅडमनी बघून सांगितलं, आला. भूमिकानं दुसरा चढवला आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पुन्हा फोन लावला. तिसरा. चौथा. रुपराव दाराशी उभा होता, शोभाताई जेवायचा डबा उघडायचा विसरल्या होत्या. पाचव्याला मॅडम तासावर निघाल्या होत्या, त्या वैतागल्या.

"अहो वाहाने, पोर्टल तुम्हीच चालवता ना? तुमच्याकडे दिसत नाही का?"

"दिसते मॅडम," तो म्हणाला. "पण माझ्या सांगण्यावर आता चालत नाही."

भूमिकानं सहावा गृहपाठ चढवला, आणि मॅडम हो म्हणेपर्यंत त्याच्या हातातल्या फोनकडे बघत बसून राहिली.